बेडकाऐवजी फोम : गवतात न अडकणारी फ्लाय

साध्य आणि साधन यांच्या नात्याचा विचार आज आम्ही एका गळावर करणार आहोत. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा 1938 मध्ये राहायला आले. त्या जिल्ह्यात बसून मासे धरण्यावर व्याख्यान? असा प्रश्न मनात आला असेल तर तो योग्यच आहे. पण याच जिल्ह्यात ढिवर-भोई समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगत आली आहेत. मासेमारी असावी की नसावी, हा वाद आज नको. ती आहे, तर तिचं साधन कसं असावं, एवढंच बघू.

मरळ ही आपल्या तलावांतली शिकारी. जलपर्णी, कमळ, शिंगाड्याचे वेल यांच्या आडोशाला राहते. ती हवेतला श्वासही घेते, म्हणून अधूनमधून वर येते. बेडूक तिचं आवडतं खाणं. तेव्हा जुनी रीत अशी, की गळाला जिवंत बेडूक टोचायचा. ही रीत आपलीच आहे असं समजू नका. आयझॅक वॉल्टन यांनी 1653 च्या ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये पाईक माशासाठी हेच सविस्तर सांगितलंय. एका माशापायी दुसऱ्या जिवाचे हाल! शेतातले किडे खाणारा हा प्राणी. भारतानं त्याच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली, आणि आमिष म्हणून तो अजून टोचला जातो.

यावर उपाय म्हणजे फोमची फ्लाय. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा 2 मिलिमीटर जाडीचा क्राफ्ट फोम घ्या. त्याच्या आत हवेचे बंद कप्पे असतात, पाणी शिरत नाही, म्हणून तो तरंगतो. रुंद पोटाचा गळ व्हाईसमध्ये धरा. व्हाईस नसेल तर लॉक होणारी पक्कड चालेल. नेढ्यापासून वाकापर्यंत दोरा घट्ट गुंडाळा. नुसत्या गुळगुळीत लोखंडावर फोम गरगर फिरतो. वाकापाशी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं तंगूस बांधून मागे लोंबतं ठेवा. मग पायांसाठी रबराचे बारीक धागे, आणि त्यावर फोमची पट्टी. पहिले दोन वेढे सैल द्या, नंतर आवळा; एकदम ओढलंत तर दोरा फोम कापतो. पट्टी पुढे दुमडून नेढ्यामागे बांधा. फोम दांडीच्या वरच राहू द्या. पोटात भरला, तर टोकाला तोंडात रुतायला जागाच उरत नाही. पांढरा की हिरवा, यावर फार खल नको. मरळ खालून बघते, तिला काळसर आकृती दिसते. पाठीचा रंग आपल्या डोळ्यांसाठी.

आता खरा मुद्दा. लोंबतं तंगूस टोकाखालून पुढे आणा आणि नेढ्यामागे बांधा. कमान टोकाच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली राहील असं बघा. तिच्याकडून आपण दोन उलट अपेक्षा करतो : वेल आला तर तिनं अडवावं, जबडा आला तर दबावं. ॲरिस्टॉटलचा सुवर्णमध्य आम्ही वर्गात खूप वर्षं शिकवला. मध्य म्हणजे मोजून काढलेला अर्धा नव्हे, तो कामावरून ठरतो, हे इथे बोटाला कळतं. गळ ओल्या खादीच्या पंच्यावरून ओढा. अडकला तर कमान फार मऊ आहे. मग बोटानं कमान दाबा, जरा जपून. टोक टोचलं नाही, तर तंगूस जाड झालं. दोन्ही जमलं की गाठींवर फेव्हिक्विकचा थेंब द्या आणि गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाका. म्हणजे सोडायचा मासा कमी फाटतो.

पाण्यात मात्र घाई नको. ही फ्लाय वेलांवर टाका, इंचभर ओढा, थांबा. मरळनं झडप घातली तरी लगेच हिसका मारू नका; मनात एक-दोन म्हणा, मग दोरी सरळ मागे खेचा.

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो, तेव्हा आधी परवानगी घ्या. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातलं पाणी तर विषयातच नाही. आणि पावसाळ्यात तांबूस पिलांचा झुबका पाण्यावर खदखदताना दिसला, तर तिथे फ्लाय टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात. त्या वेळी मरळ भुकेनं नव्हे, पिलांसाठी झडप घालते, आणि ती काढून नेली की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.