कामावरची बाई आणि मालकाची जबाबदारी

आपला गोरेगाव तालुका धानाचा. रोवणी आली की बाया मिळाव्यात म्हणून सगळ्यांची धावपळ होते. पुढे धान मिलवर जाते. तिथेही बाया झाडतात, वाळवतात, निवडतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा फड लागतो. पण मालक, मुनीम, मुकादम हे बहुधा पुरुषच.

समजा, एका मिलवर बारा माणसे आहेत. त्यांत बाया चार. हजेरी लिहिणारा मुनीम एकीशी घाणेरडे बोलतो. हात लावतो. "माझे ऐकलेस तर पूर्ण हजेरी लावीन," म्हणतो. बाई काय करील? मजुरी बुडेल, गावात नाव खराब होईल, म्हणून ती गप्प बसते. आठ दिवसांनी कामावर येईनाशी होते. मालक म्हणतो, "या बायांचा काही भरवसा नाही!" खरे कारण त्याच्या कानावर आले, तरी "मुनीम जुना माणूस आहे, जाऊ द्या," असे म्हणून तो ते मिटवतो. हे मिटवणेच आम्हांला सर्वांत वाईट वाटते.

राजस्थानात भटेरी गावी भंवरीदेवी नावाची बाई सरकारचे गावकाम करीत होती. १९९२ साली तिने एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्या रागातून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी फिर्याद तिने दिली. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. पण प्रश्न उरलाच. काम करताना बाईवर असा प्रसंग येऊ नये, हे पाहायचे कोणी? विशाखा आणि इतर महिला संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९७ साली कोर्टाने सांगितले, ही जबाबदारी काम देणाऱ्याची. २०१३ साली त्याचा कायदा झाला.

ज्याच्याकडे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत, त्याने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. "माझ्याकडे बाया चारच," ही सबब चालत नाही. पुरुष, रोजंदार, ठेक्याचे मजूर, सगळे मोजायचे. समितीची प्रमुख बाई असावी. निदान निम्म्या सभासद बाया असाव्यात, आणि एक जण बाहेरच्या संस्थेचा असावा. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो.

दहापेक्षा कमी माणसे असली, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असली तर? त्यासाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती सांगितली आहे. तिच्यासाठी तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारीही नेमायचा असतो. पोलिसांकडे जायची वाट वेगळी. तीही मोकळी असते, आणि बाईला जायचे असेल तर मालकाने मदत करायची.

तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. तोवर बाईने मागितले, तर समिती तिची किंवा त्या माणसाची बदली करण्यास, अथवा तिला रजा देण्यास सांगू शकते. पैसे देऊन तडजोड करता येत नाही. तिचे नाव चावडीवर न्यायचे नाही.

पण तक्रार येईपर्यंत मालकाने वाट का पाहावी? हजेरी आणि मजुरी एकट्या मुनिमाच्या हाती ठेवू नये. अंधारात एकट्या बाईला गोदामात पाठवू नये. मजूर नेणाऱ्या गाडीकडेही लक्ष द्यावे, कारण मालकाची गाडी कायद्याने कामाचीच जागा आहे. समितीच्या लोकांची नावे दिसतील अशी भिंतीवर लावावीत. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती वाचून दाखवावीत.

तक्रार लेखी द्यावी लागते. बाईला लिहिता येत नसेल, तर ती लिहायला मदत करणे हे समितीचे कामच आहे. लिहून झाली की तिला सावकाश वाचून दाखवावी, आणि मगच अंगठा घ्यावा.