सर्वांना प्रवेश विनामूल्य

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निधनवार्ता आणि नाटकांच्या जाहिराती यांच्या मध्ये, बारीक टायपात एक चौकट असते. शहरात आज काय काय आहे, याची. त्यात कीर्तन असते, रक्तदान शिबिर असते, कुणाच्या तरी काव्यसंग्रहाचे प्रकाशन असते आणि अधूनमधून एखादी ओळ विद्यापीठाचीही असते : अमुक विभागातर्फे तमुक विषयावर व्याख्यान, सर्वांना प्रवेश विनामूल्य. हे शेवटचे तीन शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रवेश-अर्ज, गुणपत्रिका आणि खिडकीपुढची रांग उभी राहते. घरातले कुणी तिथे शिकत असेल तर ठीक, एरवी त्या आवारात आपले काय काम, असा आपला समज. साहित्य, भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असले विषय असतील तर मग बोलायलाच नको. ते 'तिथल्या लोकांचे'.

हा समज नेमका कधी रुजला ते सांगणे कठीण. पण सुरुवातीपासून तो नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. पुढे रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या माणसांनी संध्याकाळी एकत्र बसून चार शहाण्या गोष्टी ऐकाव्यात, ही त्यामागची कल्पना. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने ठेवलेली भाषाशास्त्रावरची व्याख्याने दिली. एकाच तुकडीतले दोन पदवीधर. एकाने गावात व्यासपीठ उभारले, दुसऱ्याने विद्यापीठात.

भांडारकरांची व्याख्याने सात होती. संस्कृतपासून सुरुवात करून पाली, मग प्राकृत आणि अपभ्रंश, आणि तिथून आपल्या आजच्या बोलत्या भाषांपर्यंत ते आले. विषय ऐकून जांभई येईल, पण त्याचा गाभा आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगाखांद्यावर आहे. संस्कृतातला 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला आणि मराठीत 'हात'. 'कर्म'चे 'कम्म' आणि मग 'काम'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'दुग्ध', 'दुद्ध', 'दूध'. मोठ्याने म्हणून पाहा, नियम आपोआप कानाला कळतो. दोन वेगवेगळी व्यंजने आधी एकसारखी होऊन जोडीने बसली. मग त्यातले एक गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. पानातला भातसुद्धा याच वाटेने आला आहे. 'भक्त' म्हणजे शिजलेले अन्न, त्याचे 'भत्त' आणि मग भात. पंजाबी भाषा मात्र मधल्याच मुक्कामावर थांबली. पंजाबी माणूस आजही 'हत्थ', 'कम्म', 'सत्त' म्हणतो. महामार्गावरच्या ढाब्यावर आपण जो उच्चार ऐकून गंमत वाटून घेतो, तो आपल्याच भाषेने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी टाकलेला कपडा आहे.

मिठाची कथा तर आणखी मजेची. 'मिष्ट' म्हणजे रुचकर, गोड. त्याचे 'मिट्ठ' झाले. हिंदीने त्यातून गोड असा 'मीठा' घेतला, आपण त्यातूनच खारे मीठ घेतले. जेवणाला रुची आणते ते मीठ, असा हिशेब असावा. आणि 'घृत'पासून हिंदीत घी आले, तर आपण तूप का म्हणतो? प्राकृतात 'तुप्प' असा शब्द सापडतो आणि शेजारच्या कन्नडमध्ये तुपाला आजही 'तुप्प'च म्हणतात. मग कुणी कुणाकडून घेतले? असा एक प्रश्न जेवायला बसल्यावर मुलांपुढे टाकला, तर निदान पाच मिनिटे तरी टीव्ही बंद राहील.

एक गोष्ट मात्र सलते. भांडारकरांची ती व्याख्याने इंग्रजीत होती. विद्यापीठाचा कारभारच इंग्रजी, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण ज्यांच्या बोलण्याची ही वंशावळ होती, त्या गृहिणी, कारकून, शेतकरी यांतले कोणीही त्या सभागृहात बसून ती समजू शकले नसते. समग्र पुस्तक निघाले तेही इंग्रजीत आणि १९१४ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. आपलीच गोष्ट आपल्याला परक्या भाषेतून, तीही उशिरा मिळाली.

हे चित्र पालटायला बराच काळ जावा लागला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी सहा व्याख्याने दिली. शास्त्रीबुवा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले. त्या व्याख्यानांचे 'वैदिक संस्कृतीचा विकास' हे पुस्तक १९५१ मध्ये मराठीत निघाले आणि १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. विद्वत्तेला मराठी झेपते की नाही, या शंकेला याहून चांगले उत्तर कोणते? पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत 'बहिःशाल' नावाचे खातेही आहे. नाव जड आहे खरे, पण अर्थ सोपा : शाळेच्या बाहेरच्यांसाठी. पुणे विद्यापीठाच्या या खात्यातर्फे जयकरांच्या नावाने गावोगावच्या महाविद्यालयांत व्याख्याने होतात.

आज हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी तो पाली आणि प्राकृत यांनाही मिळाला, बंगाली आणि असमियालाही. म्हणजे भांडारकरांनी एका माळेत ओवलेल्या पाली, प्राकृत आणि मराठी एकाच दिवशी, एकाच कागदावर पुन्हा शेजारी आल्या. साहजिकच आता विद्यापीठांच्या मराठी, संस्कृत, पाली आणि इतिहास विभागांत या विषयावर व्याख्याने होत राहतील. ऑक्टोबरात या दिवसाच्या निमित्ताने, १४ ते २८ जानेवारीच्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे.

भीती एवढीच की, यातली निम्मी व्याख्याने हारतुऱ्यांत जातील. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, आणि मग वेळेअभावी आटोपते घेतलेले भाषण. मराठी थोर आहे हे ऐकायला कुणी बस बदलून विद्यापीठात जात नाही. तेवढे आपल्याला घरबसल्या ठाऊक असते. नाणेघाटातल्या लेखातली भाषा कोणती, हालाच्या गाथांमधला कोणता शब्द आजही कोकणात किंवा वऱ्हाडात बोलला जातो, हे कुणी उलगडून दाखवणार असेल तर मात्र जावे, आणि घरातल्यांना घेऊन जावे. आठवी-नववीतल्या मुलाला सगळे कळणार नाही. पण एखादा शब्द त्याच्या डोक्यात अडकतो, आणि परतताना तो विचारत राहतो.

मोठ्यांनीही विचारावे. व्याख्यानानंतर अध्यक्ष 'कुणाला काही शंका?' म्हणतात तेव्हा सभागृहात जी शांतता पसरते, तिने किती वक्त्यांचा विरस केला असेल! नाही तर मग एखादे निवृत्त गृहस्थ उठतात आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच दहा मिनिटे बोलतात. आपल्या गावचा एखादा शब्द, आजीच्या तोंडची एखादी म्हण, वक्त्यापुढे ठेवून ती कुठून आली असेल असे एका वाक्यात विचारले तर चांगला अभ्यासक खूष होतो. वही काढून तो शब्द टिपूनही घेतो, कारण कोशात नसलेले शब्द त्याला असेच मिळतात.

व्याख्यान साडेपाचचे असेल तर सव्वापाचला पोहोचावे. जागेची चिंता नको. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि त्या बहुधा शेवटपर्यंत रिकाम्याच राहतात.