रेटिंग हलत नाही, बुद्धिबळ सोडावं का?

दहावीचं वर्ष जवळ आलं की आमच्याकडे, म्हणजे निगडी, आकुर्डी, भोसरी या भागात बुद्धिबळ शिकवणाऱ्यांकडे, एक प्रश्न हमखास येतो. ''सर, दोन वर्षं झाली, रेटिंग तिथंच आहे. बंद करू का?'' विचारणारे बहुधा वडील असतात. हल्ली चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी, हौसेनं स्पर्धा खेळणारी तिशीतली मंडळीही हेच विचारतात. ''छे छे, खेळत राहा'' असं उत्तर मी लगेच देत नाही. बुद्धिबळ सोडणं हा काही गुन्हा नव्हे. पण ज्या आकड्यावरून आपण निर्णय घ्यायला निघालो, तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं आधी समजून घ्यावं.

रेटिंगची ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे फिडेनं, ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोणाला किती गुण मिळायला हवेत याचा अंदाज बांधायचा, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाले तर रेटिंग वाढवायचं, कमी मिळाले तर उतरवायचं, एवढंच त्यात आहे. फरक २०० गुणांचा असेल तर वरचढ खेळाडूनं चारांपैकी साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे १५०० चा मुलगा १७०० ला जायचा, तर ज्यांच्याशी तो वीस डावांत दहा गुण मिळवत होता, त्यांच्याशीच त्याला पंधरा मिळवता आले पाहिजेत. कागदावर दोनशे हा आकडा किरकोळ वाटतो. पटावर तो मोठा डोंगर आहे.

दुसरी गोष्ट, हा आकडा इतरांच्या तुलनेतला आहे. लोणावळा लोकलमध्ये बसून शेजारच्या रुळावरून त्याच वेगानं जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं तर आपण थांबलोय असं वाटतं. आपल्या मुलासमोर बसणारी मुलंही शिकत असतात, घरी संगणकावर डाव तपासत असतात. सगळ्यांचा खेळ सारखाच सुधारला तर रेटिंग कोणाचंच वाढत नाही. त्यात मार्च २०२४ मध्ये फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं. २००० ला जितके गुण कमी, त्याच्या चाळीस टक्के गुण मिळाले. १४०० चा मुलगा एकही खेळी न करता १६४० झाला. त्याआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवून प्रगती मोजणारे पालक मला भेटतात. त्या आलेखाला काही अर्थ नाही.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या मुलांच्या रेटिंगला फिडे ४० चा गुणक लावते. नियमित खेळणाऱ्या बहुतेक प्रौढांना तो २० असतो. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत निव्वळ नशिबानं, म्हणजे पहिल्या फेरीत ताप होता, कुठं प्रतिस्पर्ध्यानं हत्ती फुकट दिला, अशा कारणांनी एक-दीड गुण इकडचा तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे. दीड गुणिले चाळीस म्हणजे साठ. त्यामुळे एका स्पर्धेत मुलाचे साठ गुण गेले, तर तो खेळ विसरला असा अर्थ नाही, आणि साठ वाढले म्हणून पेढे वाटायचीही घाई नको. हिशेब केला तर चाळीस-पन्नास डावांनंतरही खऱ्या ताकदीच्या अंदाजात पन्नासेक गुणांचं अंतर सहज राहतं. वर्षाला चारच स्पर्धा खेळणाऱ्याला त्याचं रेटिंग वर्षभरात फारसं काहीच सांगू शकत नाही.

मग पाहायचं कशाकडे? माझी नोकरी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात गेली. तिथं रोजचं रिजेक्शन नुसतं मोजून भागत नाही, कारणानुसार वेगळं लावावं लागतं. आकडा तोच राहिला पण कारणं बदलली, तर लाईनवर काहीतरी बदललंय हे नक्की. हरलेल्या डावांचं तसंच करावं. शेवटचे वीस डाव काढा. मोबाईलवरचे तीन-तीन मिनिटांचे नव्हेत, पूर्ण वेळाचे, खेळ्या लिहून ठेवलेले. प्रत्येक डाव नेमका कुठं हातचा गेला ते एका ओळीत लिहा. मोहरं फुकट गेलं, सुरुवातच फसली, घड्याळ संपलं, जिंकलेला एंडगेम सोडला. मग सहा महिन्यांपूर्वीचे वीस डाव घेऊन तेच करा. आधी घोडे-उंट फुकट जात होते आणि आता हत्तीच्या एंडगेममध्ये हार होते, तर खेळाडू पुढं गेला आहे, रेटिंग काहीही म्हणो. ढीग तसेच्या तसे असतील तर शिकण्याची पद्धत बदलायला हवी. कदाचित शिक्षकही. हे मी शिक्षक असून सांगतो.

वेग प्रत्येकाचा निराळा असतो. अर्जेंटिनातल्या खेळाडूंचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मास्टर दर्जा गाठायला कोणाला तीन हजार तास पुरले, तर कोणाला तेवीस हजारांहून जास्त लागले. आपल्याकडे प्रवीण ठिपसे १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर झाले आणि ग्रँडमास्टर १९९७ मध्ये. मधे तेरा वर्षं. तरीही आनंद आणि दिव्येंदु बारुआ यांच्यानंतर ते भारताचे तिसरेच ग्रँडमास्टर. उलट नागपूरची दिव्या देशमुख. ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म हाती नसताना तिनं जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि किताब एकदम पदरात पडला. ही उदाहरणं मी मुलांना खुशाल देतो, पालकांना जरा जपून. तेरा वर्षं थांबून काहीच न मिळालेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

प्रौढांची अडचण वेगळी. आमच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि स्पर्धा रविवारी. पाळ्या बदलत्या. तिसरी पाळी करून सकाळी पटावर बसणाऱ्याचा खेळ दुपारच्या फेरीत ढासळला, तर त्यात बुद्धीचा संबंध नाही. अशा एकाला मी रेटिंगच्या स्पर्धा वर्षभर बंद ठेवून गुरुवारी एकच लांब डाव खेळायला सांगितलं. तो सोडणार नव्हताच. त्याला परवानगी हवी होती ती कमी खेळायची.

नववीतल्या एका मुलीची गोष्ट मात्र अवघड होती. वडील चाकणला नोकरीला. दोन वर्षं रेटिंग १५५० च्या आसपास अडकलेलं. त्यांचं म्हणणं, ''क्लास, प्रवेश फी, प्रवास, इतका खर्च झाला, आता कसं सोडायचं?'' मी म्हटलं, झालेला खर्च सोडला तरी परत येत नाही आणि खेळत राहिलात तरी येत नाही. प्रश्न पुढच्या दोन वर्षांचा आहे. मुलीचे डाव काढले. वर लिहिलं तसंच निघालं, चुका बदलल्या होत्या, ती सुधारली होती. वडील खूश झाले. मला वाटलं, झालं. पण मग तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, ''सर, खेळायला आवडतं. पण प्रत्येक फेरीनंतर बाबा दाराशी उभे असतात, ते नको वाटतं.''

हे कुठल्याच आलेखात नव्हतं. हरल्यावर बाहेर यायला मूल घाबरत असेल, तर रेटिंग वाढत असतानाही थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. इथं तेवढी वेळ आलेली नव्हती. ठरलं असं, की दहावीची परीक्षा होईपर्यंत बाहेरगावच्या स्पर्धा बंद, शहरातल्या वर्षाला दोन, आणि निकाल ती स्वतः सांगेल तेव्हाच विचारायचा. वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''सोडायला तरी येऊ ना?'' ती म्हणाली, मैत्रिणीची आई दोघींना नेणार आहे.