मांडीवरचा कोळसा

बारामतीची विनाथांबा स्वारगेटला लागली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. दोन तास मी स्टीलचा डबा मांडीवर धरून बसले होते. कंडक्टरने दोनदा सुचवलं, ‘ताई, वर फळीवर ठेवा की.’ मी मान हलवली. डब्यात अकरा पुड्या होत्या. प्रत्येक पुडी अॅल्युमिनियमच्या पन्नीची, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीच्या बाहेर चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर खड्डा, थर आणि खोली लिहिलेली. चिठ्ठी आत टाकायची नसते, कारण कागदही कार्बनच. कागदाचा एखादा तंतू कोळशाला चिकटून तसाच यंत्रापर्यंत गेला, तर तीन हजार वर्षांच्या हिशेबात आपलं शतक मिसळतं.

डबा येरवड्याला डेक्कन कॉलेजात पोचवायचा होता. स्टँडवरून सरळ मेट्रोत उतरले. सामान तपासणाऱ्या यंत्राशी उभ्या असलेल्या बाईंनी पडद्याकडे पाहून विचारलं, ‘मॅडम, डब्यात काय आहे?’

‘कोळसा.’

त्यांनी झाकण उघडायला लावलं, आत पाहिलं आणि काही न बोलता जाऊ दिलं. क्षणभर मलाच धाकधूक वाटली, की क्ष-किरणांखालून गेलेला नमुना बिघडला तर नाही? तसं होत नाही. ज्या कार्बन-१४ वरून वय काढतात, तो अणूच्या गाभ्याच्या स्वभावाने विझत जातो. त्याला ऊन, पाऊस, आग, क्ष-किरण कशाचंच सोयरसुतक नसतं. या पद्धतीवर विश्वास ठेवता येतो तो नेमका एवढ्याचसाठी.

गोष्ट अशी आहे. आभाळात उंचावर विश्वकिरणांच्या माऱ्याने नायट्रोजनपासून थोडा किरणोत्सारी कार्बन सतत बनत असतो. लाख कोटी साध्या अणूंमागे जेमतेम एक, इतका थोडा. झाड तो हवेतून घेतं, झाड खाणारा जीव झाडातून घेतो. जीव गेला की घेणं थांबतं आणि साठलेला कार्बन-१४ कमी होऊ लागतो. ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. किती उरला ते मोजलं की मरून किती काळ लोटला ते कळतं. विलार्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे करून दाखवलं आणि १९६० मध्ये लिबींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माया लोकांच्या जंगलात बुडालेल्या वस्त्यांपासून आपल्या घोड-भीमेच्या काठांपर्यंत सगळीकडे हीच पद्धत चालते.

बारामतीकडच्या एका लहानशा चाचणी खड्ड्यावर मी आठ दिवस होते. गावकरी त्या उंचवट्याला पांढरी म्हणतात. जुन्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती शतकानुशतकं मुरून माती पांढुरकी होते, म्हणून हे नाव. चौथ्या दिवशी दीड मीटर खोलीवर एक चूल लागली. भाजून लाल झालेल्या मातीची कड, आत करडी राख आणि राखेत काळे ठिपके. खुरपी बाजूला ठेवून सगळे ब्रशवर आले. कोळशाला बोट लावायचं नाही, हा तिथला पहिला नियम. घामाचा, तेलाचा कार्बन नको, आणि खड्ड्याजवळ विडी तर नाहीच. मी चिमट्याने एकेक तुकडा उचलून पन्नीत ठेवत होते. घमेली उचलणाऱ्या मावशी शेजारी उकिडव्या बसून पाहत होत्या. म्हणाल्या, ‘एवढा काय जपताय ताई कोळसा? आमच्या चुलीत रोज पडतो.’

मी म्हटलं, ‘मावशी, हा तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी चुलीतला आहे.’ त्या जरा थांबल्या. मग राखेकडे बोट करून म्हणाल्या, ‘काटक्या दिसतायत. बाभळीच्या असतील. ओंडका असता तर असा कोळसा पडला नसता.’

मावशी बोलल्या त्यातच या कामातला सर्वांत अवघड प्रश्न दडलेला आहे. कार्बन-१४ सांगतो ते लाकूड कधी मेलं हे. माणसाने ते कधी जाळलं, हे तो सांगत नाही. सागाच्या जुन्या खांबाचा गाभा झाड उभं असतानाच शंभर वर्षांपूर्वी मेलेला असतो. तो खांब एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि कधीतरी आगीत सापडतो. त्या कोळशाने घराचं वय काढलं तर घर आहे त्याहून दीडशे वर्षं म्हातारं ठरायचं. काटकी बरी. त्याहून बरा जळका दाणा, कारण दाणा एका हंगामाचा असतो. म्हणून राख पाण्यात कालवायची, वर तरंगून येईल ते बारीक चाळणीवर धरायचं आणि सावलीत वाळवायचं. आमच्या चाळणीवर जवाचे तीन दाणे आले, मधोमध खाच असलेले, काळेकुळकुळीत.

पण दाण्यालाही आपल्या मातीत धोका आहे. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि भेगेतून परवाचा दाणा तीन हजार वर्षांच्या थरात जाऊन बसतो. उंदीर-मुंग्या वेगळ्याच. म्हणून दाणा नुसता त्या थरात मिळून भागत नाही. तो चुलीच्या बंद राखेत, वर शाबूत लिंपण असलेल्या जागी मिळावा लागतो. आमचे तीनपैकी दोन दाणे तसे होते. तिसऱ्याशेजारी बारीक मुळी दिसली. खड्ड्याचं काम पाहणाऱ्या सरांनी तो वेगळा काढला आणि पुडीवर ‘शंकास्पद’ लिहायला लावलं. मला वाईट वाटलं, पण ते बरोबरच होतं.

पुढे प्रयोगशाळेत हा दाणा आधी सौम्य आम्लात बुडवतात, म्हणजे मातीतला चुना सुटतो. दख्खनच्या मातीत चुनखडी भरपूर, त्यामुळे ही पायरी इथे चुकवून चालतच नाही. मग अल्कलीत, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा रस मुरला असेल तो निघतो. मग पुन्हा आम्लात. उरलेलं जाळून त्याचा वायू करतात, वायूचं ग्रॅफाइट करतात आणि त्वरकयंत्रात अणू मोजतात. एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. पूर्वी काही ग्रॅम लागे. मूठभर कोळसा जाळून त्याचा वायू मोजणीनळीत भरायचा आणि विझणाऱ्या अणूंचे टिकटिक ठोके दिवसदिवस मोजत बसायचं. एका दाण्यावर वय काढणं तेव्हा शक्यच नव्हतं.

त्या मूठभर कोळशावर आपल्या पूर्वजांचा काळ ठरला, हे मला फार मोलाचं वाटतं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला खोदलं, तेव्हा तिथल्या लाल खापरांचं वय इतर ठिकाणच्या आकारांशी ताडून अदमासाने सांगावं लागत होतं. पुढे नेवाशाचा कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मोजला गेला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम होऊ लागलं. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, डी. पी. अग्रवाल ही त्यातली नावं. नंतर ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. जुन्या अहवालांत तारखेआधी ‘टीएफ’ दिसलं की तो नमुना मुंबईत मोजलेला. बारामती तालुक्यातच कऱ्हा-नीरेच्या संगमाशी सोनगावला शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये उत्खनन केलं, त्या कोळशाचे आकडेही ‘टीएफ’चेच.

सगळ्यांत मोठं काम झालं ते शिरूर तालुक्यात घोडकाठी इनामगावला. १९६८ पासून बारा हंगाम. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी शंभराहून अधिक घरं उघडी केली. कोळशाने तिथला काळ दाखवला तो साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७००. एरवी जोर्व्याच्या त्या लाल खापरांवरून ओळखली जाणारी जोर्वे संस्कृती इसवीसनपूर्व १०००च्या आसपास संपलेली दिसते, इनामगावात मात्र माणसं पुढे तीनशे वर्षं राहिली. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, पण गाव सोडलं नव्हतं. हे खापरं पाहून कुणाला एवढ्या खात्रीने सांगता आलं नसतं.

आणि ही माणसं गेली कधी? तिथे एक जगभरची अडचण आडवी येते. हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नव्हता, म्हणून वृक्षवलयांवरून बांधलेल्या आलेखाशी वय जुळवून घ्यावं लागतं. तो आलेख इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. त्या चारशे वर्षांत कधीही मेलेली काटकी साधारण एकच आकडा देते. इनामगावची शेवटची चूल विझली ती नेमकी या सपाटीत.

मेट्रो मंडईखालून निघाली. याच स्थानकाच्या खोदकामात २०१९ मध्ये मोठ्या जनावराची हाडं निघाली होती, आणि त्याच वर्षी स्वारगेटला जमिनीखाली पाण्याचा जुना दगडी बोगदा. तेव्हा अनेकांनी विचारलं, कार्बनने वय का काढत नाही? दगडात मोजण्यासारखा कार्बन नसतो, हे एक. शिवाय सतराव्या शतकापासून अलीकडे तो आलेख इतका वरखाली होतो, की एका आकड्याला तीन-चार उत्तरं निघतात. तिथे मोडी कागद आणि जुने नकाशे जास्त उपयोगी. शिवाय आपल्या काळाने हवा बदलली आहे. डिझेलमधला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. जेधे चौकातल्या धुरात वाढलेल्या झाडाचं ताजं पान मोजलं, तर त्या धुरामुळे ते असेल त्याहून जुनं दिसेल.

डेक्कन कॉलेजात सरांनी टेबलावर अकराही पुड्या मांडल्या. प्रत्येक मोजणीला बराच खर्च येतो, म्हणून पाचच पाठवायच्या होत्या. खांबाचा टपोरा कोळसा दिसायला सगळ्यांत देखणा, तो मागे राहिला. चुलीतले दोन दाणे आणि मावशींनी ओळखलेल्या काटक्या पहिल्या निवडल्या. मग फॉर्म आला. कुठला थर, काय सापडलं, हाताळणी कशी झाली. शेवटचा रकाना होता अपेक्षित काळ.

‘काय लिहू, सर?’

त्यांनी चुलीशेजारी मिळालेलं खापर माझ्यापुढे सरकवलं. लाल अंगावर काळ्या रेघा, काठाखाली आडवी पट्टी.

‘याच्याकडे बघून तुला काय वाटतं ते लिही.’

मी लिहिलं : जोर्वे, खापरांवरून.