रानाच्या गतीनं

सिडनी बंदराच्या उत्तर काठावरच्या मोसमन उपनगरात, पाण्यात शिरलेल्या एका खडकाळ भूशिरावर अ‍ॅश्टन पार्क आहे. विस्तार साधारण १६ हेक्टर. सार्वजनिक उद्यान म्हटलं की हिरवळ, कारंजी, फुलांचे वाफे डोळ्यांपुढे येतात. इथलं खरं वैभव मात्र मूळचं रान आहे. वालुकाश्माच्या कपारींतून वर आलेले गुलाबी सालीचे अँगोफोरा, बँक्सियाची झुडपं आणि त्यांच्या सावलीतली नेची, अशी ही झाडोऱ्याची वस्ती शहराच्याही आधीची आहे. ती टिकवण्यात दोन बहिणींचा मोठा वाटा आहे. त्यांनी शोधलेल्या रीतीचा ठसा आज ऑस्ट्रेलियातल्या हजारो स्वयंसेवकांच्या कामावर दिसतो.

पाखरांपासून तणांपर्यंत

आयलीन ब्रॅडली (१९११–१९७६) आणि जोन ब्रॅडली (१९१६–१९८२) मोसमनमध्येच राहत. जोन रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या. दोघींना पाखरांचा नाद होता. इवल्याशा निळ्या रेन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून त्या एकेका पाखराचा माग ठेवत. त्यांची ही निरीक्षणं १९५८ साली ‘एमू’ या पक्षिविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाखरांमागे फिरताना त्यांचं लक्ष रानात घुसलेल्या परक्या झुडपांकडे गेलं. घाणेरी, प्रिव्हेट आणि हनीसकलच्या वेली मूळच्या झाडोऱ्याला गिळत चालल्या होत्या.

त्यावरचा तेव्हाचा उपाय म्हणजे कोयते चालवून सगळं एकदम साफ करायचं. पण जागा उघडी पडली, माती उकरली गेली की पुढच्या पावसाबरोबर तिथे दुप्पट जोमानं तणच उगवायचं. शिवाय घाणेरीच्या जाळीत निळे रेन आसरा घेतात. जाळी एका दिवसात तोडली तर पाखरांनी जायचं कुठे? या प्रश्नांतून १९६०च्या दशकात बहिणींची रीत आकाराला आली. १९६७ साली त्यांनी तणांवर आणि १९७१ साली रानाच्या पुनरुज्जीवनावर छोट्या पुस्तिका काढल्या.

तीन नियम

पहिला नियम असा, की काम चांगल्या रानाकडून बिघडलेल्या रानाकडे न्यायचं. आपला हात उलटा चालतो. जिथे सगळ्यात जास्त तण, तिथेच आपण आधी तुटून पडतो. ब्रॅडली बहिणी आधी जवळजवळ निरोगी असलेला तुकडा घेत, त्यातली चार-दोन तणं काढत आणि मग कडेकडेनं पुढे सरकत. निरोगी रान स्वतःच पुढे पसरतं, त्याला तेवढी वाट करून द्यायची.

दुसरा नियम, मातीला कमीत कमी धक्का लावायचा. घाणेरीचं रोप काढायचं तर आधी भोवतीचा पालापाचोळा हातानं बाजूला सारायचा, खुरप्यानं मुळाभोवतीची माती हलकेच सैल करायची, रोप मुळासकट अलगद ओढायचं, मुळाला लागलेली माती झटकून पुन्हा खड्ड्यात दाबायची आणि वर पाचोळा होता तसा पसरायचा. आपल्या शेतांतून बायका खुरपणी करतात त्याच्या नेमकी उलट ही खुरपणी. शेतात दोन ओळींमधली माती स्वच्छ मोकळी दिसली पाहिजे. इथे मोकळी माती दिसली तर काम बिघडलं.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड आहे. मूळची झाडं जेवढी जागा भरून काढतील तेवढंच तण काढायचं आणि थांबायचं. मातीत मूळच्या झाडांचं बी वर्षानुवर्षं दबून असतं. दाटी कमी होऊन ऊन मिळालं की ते रुजतं. ती रोपं उभी राहीपर्यंत पुढच्या तणाला हात लावायचा नाही. कामाचा वेग रान ठरवणार.

या रीतीला मर्यादाही आहेत. सगळीकडे तणच माजलंय तिथे ती फार सावकाश चालते. सिडनीच्या रानातल्या काही वनस्पतींच्या बियांना रुजण्यासाठी आगीची आच लागते. गटारांतून येणाऱ्या खतावलेल्या पाण्यानं तिथली मुळातली निकस माती बदलते आणि तणांना बळ मिळतं. ते पाणी अडवल्याशिवाय खुरपं पुरं पडत नाही. पुढच्या पिढीनं या गोष्टींची भर घातली, पण पाया तोच राहिला. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टनं ही रीत उचलली. १९८६ साली रान सावरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. जोन यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८८ साली आलं. आज तिथल्या अनेक नगरपालिकांच्या उद्यानांत शेजारपाजारची माणसं ठरल्या दिवशी जमतात आणि नेमून दिलेला तुकडा वर्षानुवर्षं सांभाळतात.

आपल्या टेकड्यांसाठी

घाणेरी आपल्याकडेही परकीच. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही झुडपं बागेची शोभा म्हणून भारतात आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर पसरली. गाजरगवताची भारतातली ठळक नोंद तर १९५०च्या दशकात पुण्याचीच आहे.

आपल्याकडे स्वयंसेवकांची वाण नाही. पुण्याच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे कॅन वाहून रोपं जगवणारी माणसं रोज पहाटे दिसतात. त्यांच्या कष्टांपुढे हात जोडावेत. पण आपला सार्वजनिक उत्साह मुख्यतः जुलैतल्या वृक्षारोपणात खर्च होतो. खड्डे खणायचे, रोपं लावायची, फोटो काढायचा. त्याच जागी आपोआप उगवलेलं पळसाचं किंवा धावड्याचं पोर घाणेरीखाली गुदमरत असतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून यंदाच्या दिवाळीनंतर, जमीन अजून ओली असताना, आपल्या जवळची टेकडी किंवा उद्यान निवडा. उद्यान विभागाची किंवा वनखात्याची परवानगी घ्या, स्थानिक झाडं ओळखणारा एक जाणकार सोबत घ्या. गाजरगवत उपटताना हातमोजे घाला, त्यानं अंगावर पुरळ उठतं. आणि ते फुलण्याआधीच काढा. एकच लहान तुकडा धरा, त्यातलं थोडंसंच तण काढा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच जागी या. हजार माणसांच्या एका दिवसापेक्षा दहा माणसांची दहा वर्षं रानाला जास्त उपयोगी पडतात.