शेततळे, कालवा व नदी यांसाठी एकच गळाची काठी

गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. दक्षिणेकडून सिंदफणा माजलगावच्या दिशेने जाते. पैठणच्या ज्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व जे १९७६ साली राष्ट्रास अर्पण झाले, त्या जायकवाडीचा उजवा कालवाही याच मुलखातून गेला आहे. पाझर तलाव तर गावोगाव आहेत. आणि २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यापासून शिवारात शेततळ्यांची भर पडली. अवर्षणाचा प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात जेथे जेथे पाणी टिकले, तेथे तेथे मासाही आला. कोठे तो मुद्दाम बोटुकली सोडून आणला गेला, तर कोठे पाण्याबरोबर आपोआप आला.

परंतु तळ्यातील मासा घरच्या ताटात यावा कसा, हा प्रश्न पुष्कळ शेतकऱ्यांना सुटलेला नसतो. दोन-चार माशांसाठी जाळेवाल्यास बोलावणे परवडत नाही. शिवाय जाळे ओढताना तळ्याचे प्लॅस्टिक अस्तर फाटण्याचे भय असते. तळे आटेपर्यंत थांबावे, तर उन्हाळ्यात तापलेल्या उथळ पाण्यात मासे मरू लागतात. अशा वेळी काही जण मोटारीची वायर पाण्यात सोडण्याचे, सुरुंगाची दारू उडविण्याचे किंवा विषारी औषध टाकण्याचे अघोरी मार्ग पत्करतात. पैकी पहिल्या मार्गाने मासा मरण्याआधी माणूस मरण्याचा संभव अधिक. दुसरा व तिसरा हे तर १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हे मानले गेले आहेत. कीटकनाशक टाकलेल्या पाण्यातील मासा खाण्यास अयोग्य होतो आणि ते पाणी जनावरांसही पाजता येत नाही.

या सर्वांहून सोपे व निर्धोक साधन म्हणजे गळाची काठी. ती हौशी लोकांची चैन आहे, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः हे साधन दक्षिणेत फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे आमिष व गळाने मासा धरण्याची रीत ही वर्णन केली आहेत. भारतीय मत्स्यशास्त्राचे अभ्यासक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लेख लिहून जगाचे लक्ष तिकडे वेधले होते. इंग्लंडमधील आयझॅक वॉल्टनचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे, म्हणजे सोमेश्वरानंतर सुमारे पाचशे वर्षांनी आलेले!

इंग्लंडात ट्राउट व सॅमन हे मासे वगळून गोड्या पाण्यातील बाकीच्या माशांचा एक निराळा वर्ग मानतात. त्यातील बरेचसे मासे कार्प कुळातील आहेत, आणि आपले रोहू, कटला, मृगळ, तसेच सायप्रिनस व गवत्या हेही त्याच कुळातले. म्हणून तिकडील सामान्य माणूस सर्व प्रकारच्या पाण्यांसाठी एकच स्वस्त काठी निवडताना ज्या कसोट्या लावतो, त्या थोड्या फेरफाराने आपल्यालाही लागू पडतात. दुकानदार नदीसाठी एक, तळ्यासाठी दुसरी व मरळीसाठी तिसरी काठी सुचवील. शेतकऱ्याने त्या भरीस पडू नये. एका काठीत काम भागते, मात्र ती विचारपूर्वक घेतली पाहिजे.

लांबी किती असावी

प्रथम लांबीचा विचार करू. शेततळ्याच्या बाजू बहुधा एकास एक उताराच्या असतात. पाणी काठापासून २ मीटर खाली गेले, तर पाण्याची कडाही काठापासून आडव्या अंतराने २ मीटर दूर जाते. सहा फुटी काठीने गळ टाकल्यास तो पाण्यात न पडता अस्तराच्या उतारावर पडेल आणि गळाचे टोक प्लॅस्टिकमध्ये रुतेल. ५०० मायक्रॉनचे अस्तर जाड वाटले, तरी तीक्ष्ण गळापुढे त्याचा निभाव लागत नाही. आणि एका छिद्राने तळ्याचे पाणी कसे उतरत जाते, हे ज्याने अनुभवले आहे त्यास अधिक सांगावयास नको. सबब काठी १० फुटांहून आखूड नसावी. उलट १४-१५ फुटांची काठी हाताला जड होते, गोदेच्या पात्रावरील वाऱ्यात डोलते आणि झाडाखाली बसून वापरता येत नाही. दहा ते अकरा फूट, म्हणजे ३ मीटर ते सव्वातीन मीटर, ही लांबी तळे, कालवा व नदी या तिन्ही ठिकाणी चालते.

लवचीकपणाची परीक्षा

लांबीहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काठीचा लवचीकपणा, आणि येथेच बहुतेक जण फसतात. दुकानात काठी हवेत झटकून पाहण्याची पद्धत आहे. तीवरून काहीच कळत नाही. काठी आडवी धरून बुडखा घट्ट दाबावा व शेंड्यास अर्धा किलो वजन टांगावे. शेंड्याकडील एक तृतीयांश भाग सहज वाकावा, मधला भाग थोडा वाकावा आणि मुठीकडील भाग सरळ राहावा. सगळीच काठी धनुष्यासारखी वाकली, तर ती मोठ्या रोहूला वळवू शकणार नाही. शेंडासुद्धा ताठ राहिला, तर लहान माशाच्या ओठातून गळ निसटेल आणि मोठा मासा एका हिसक्यासरशी दोर तोडील. काठीचे खरे काम हिसका पचविणे हे आहे. वजन काढले की शेंडा ताबडतोब मूळ जागी येऊन स्थिर व्हावा. तो बराच वेळ थरथरत राहिला, तर काठी हलक्या प्रतीची समजावी.

याच परीक्षेत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दहा फुटी काठीच्या शेंड्यास १ किलो वजन टांगून ती आडवी तोलून धरणे धट्ट्याकट्ट्या माणसालाही फार वेळ जमत नाही. म्हणजे काठीच्या जोरावर आपण दोरावर किलो-दीड किलोपेक्षा क्वचितच अधिक ताण देतो. मग २० किलो ताकदीचा जाड दोर घेण्याचे प्रयोजन काय? ०.३० मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा तंगूस स्थूलमानाने ५ किलोपर्यंत ताण सहन करतो व तो सर्वसाधारण कामास पुरेसा आहे. तंगूस तुटतो तो बहुधा गाठीपाशी. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तेथेच कमकुवत होतो. उन्हात पडून पांढुरका झालेला तंगूस दरवर्षी बदलावा. हा खर्च किरकोळ आहे, व काठीवर जादा पैसे घालण्यापेक्षा तो येथे केलेला बरा.

बांबू, काचतंतू की कार्बन

काठी कशाची घ्यावी? ज्याच्यापाशी केवळ शेततळे आहे, त्याने बांबूचीच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कळकासारखा पोकळ बांबू न घेता मानवेल जातीचा भरीव बांबू निवडावा. तो तीन-चार वर्षांचा असावा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश अधिक असल्याने पोखरणारे भुंगेरे त्यास लवकर लागतात. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला बांबू उत्तम. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिठूळ अंश बराच निघून जातो. नंतर तो सावलीत, शेंडा खाली करून व शेंड्यास दगड बांधून, दीड-दोन महिने टांगून वाळवावा. वाकडेपणा राहिल्यास निखाऱ्यावर धरून, गरम असतानाच सरळ करावा. पेरांवरील डोळे तासून त्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. शेंड्याकडील दीड फुटावर सुती दोरा घट्ट गुंडाळून वार्निश लावल्यास तो चिरत नाही. जवळ बुरुडाचे घर असेल, तर त्यांच्याकडून बांबूची निवड करून घ्यावी. त्यांचा हात बांबूवर फिरला की जे कळते, ते आपल्याला पुस्तक वाचूनही कळत नाही.

अशा काठीस रीळ नको. काठीइतक्याच लांबीचा तंगूस शेंड्यास बांधावा व त्यावर मोराच्या पिसाच्या दांड्याचे किंवा बुचाचे तरंड लावावे.

ज्यास नदी व कालव्यावरही जावयाचे आहे, त्याने काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, कड्या बसविलेली काठी व एक लहान रीळ घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर या काठ्या प्रचारात आल्या. साधी काठी आज दोन-तीन दिवसांच्या मजुरीच्या रकमेत मिळू शकते. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी पिशवीत मावते खरी, पण गोदावरीची बारीक वाळू सांध्यांत शिरली की त्या नळ्या अडकतात आणि ओढाताणीत फुटतात. म्हणून दोन तुकड्यांची, मध्ये एकच सांधा असलेली काठी आम्ही अधिक पसंत करतो. घेताना प्रत्येक कडीतून कापसाचा पुंजका ओढून पाहावा. तो कोठे अडकला वा त्याचे तंतू राहिले, तर कडी तडकलेली आहे व ती तंगूस कापणार, हे निश्चित. या परीक्षेस लागणारा कापूस तर आपल्या घरीच आहे!

कार्बनची काठी १९७० च्या दशकापासून बाजारात आली. ती वजनाने हलकी व हाताला फार सुखद असते. परंतु ती महाग असते, दगडावर आपटल्यास तडकते, आणि तिच्यातून वीज वाहते. हा शेवटचा दोष आपल्याकडे जिवावर बेतणारा आहे. नदीकाठच्या व तळ्यांवरील पंपांसाठी ओढलेल्या तारा कित्येक ठिकाणी पाण्यावरून व बांधावरून जातात. काठी उभी करून गळ फेकताना माणसाची दृष्टी पाण्याकडे असते, वर नसते. तारेस प्रत्यक्ष स्पर्श न होताही उच्च दाबाची वीज झेप घेऊ शकते. ओला बांबू किंवा ओला तंगूसही अशा वेळी सुरक्षित समजू नये. ब्रिटनमध्ये गळ टाकणाऱ्यांनी तारांपासून किमान ३० मीटर दूर राहावे, असा दंडक सांगितला जातो. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकासाठी जागा ठरविताना प्रथम वर पाहावे, मग पाण्याकडे. आकाशात विजा चमकू लागल्या की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे.

गळ, आमिष व खोली

गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान, हे नवख्यास उलटे वाटते. चिलापीसारख्या लहान माशास १० ते १२ क्रमांकाचा आणि किलोभराच्या रोहू-मृगळास ४ ते ६ क्रमांकाचा गळ योग्य. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो; तरंड त्याप्रमाणे खालीवर सरकवावे. अस्तराच्या तळ्यात मात्र मृगळासाठीसुद्धा गळ तळास टेकू देऊ नये, तो तळापासून वीतभर वर लटकता ठेवावा. भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड तळ्यात खाद्य म्हणून घालतच असाल, तर त्याच मिश्रणात थोडी कणीक मळून गोळी करावी. मासे ओळखीच्या खाद्याकडे लवकर येतात. नदीतील वाम व शिंगाळा यांस गांडूळ प्रिय. तळ्यात चिलापी माजली असेल, तर घरच्या मोठ्या मुलांना हीच काठी द्यावी. तिने चिलापीचा बंदोबस्त होणार नाही, पण रोहू-कटल्याच्या खाद्यातील वाटेकरी काही कमी होतील. अस्तर निसरडे असते व त्यात पडलेल्यास वर चढता येत नाही. म्हणून मोठे माणूस सोबत असल्याविना मुलांना तळ्यावर पाठवू नये, आणि काठावर खुंटीस बांधलेला गाठींचा दोर पाण्यात सोडलेला असावा.

स्वतःच्या तळ्याखेरीज अन्यत्र गळ टाकण्यापूर्वी चौकशी करणे अवश्य आहे. जलाशय व तलाव यांचे मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांनी पैसा घालून बीज सोडलेले असते आणि त्यावर भोई बांधवांचे पोट चालते. पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. पावसाळ्याच्या आरंभी अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत नदीवर गळ टाकू नये. त्या काळात काठी धुऊन, सांधा मोकळा करून, कोरड्या कापडाने पुसावी व घराच्या आढ्याला आडवी टांगून ठेवावी. भिंतीस टेकवून ठेवलेली काठी श्रावण सरेपर्यंत वाकडी झालेली असते.