एकोणीस अंशांचा तोल

लालबागमध्ये गच्चीवर दुर्बीण लावायची, तर आधी उत्तरेकडचं आकाश मोकळं आहे का ते बघावं लागतं. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांनी आमचं बरंच आकाश खाल्लं आहे. ध्रुवतारा मुंबईत क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या, की साधारण तेवढी उंची. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकीही त्याला सहज झाकते.

गच्ची सपाट दिसली तरी सपाट नसते, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. त्यामुळे ट्रायपॉडवर पाणसळ ठेवून एकेक पाय कमीजास्त करत मी सुरुवात करते. मग उत्तर दिशा. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, पण टाकीच्या लोखंडी पाइपाजवळ सुई फसते. म्हणून होकायंत्र लांब उभं राहून धरायचं.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, म्हणून तारे तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतात. अर्ध्या अंशाचं क्षेत्र दाखवणाऱ्या आयपीसमधून मृगाच्या पट्ट्यातला तारा दोन मिनिटांत निघून जातो. गच्चीवर पोरांची रांग लागलेली असताना दोन मिनिटं काहीच नाहीत. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, की तो एकटा फिरवून तारा नजरेत धरता येतो. हा अक्ष जितक्या अंशांवर उचलायचा, तो आकडा म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. आमच्यासाठी एकोणीस.

या आकड्याचा परिणाम माउंटच्या अंगावर दिसतो. लंडनमध्ये, ५१ अंशांवर, नळीला तोलणाऱ्या वजनाचा दांडा तिरका, ट्रायपॉडच्या पायांपासून लांब राहतो. मुंबईत अक्ष इतका झोपलेला असतो, की वजन जवळजवळ सरळ खाली लोंबतं आणि उत्तरेकडच्या पायावर आपटतं. म्हणून ते दोन पायांच्या मधून जाईल अशा बेताने मी ट्रायपॉड वळवून घेते आणि पाय पुरते फाकवते.

अक्षांशाचा हा हिशेब मोठ्या दुर्बिणींनाही चुकत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या कावसजी दादाभाई नेगमवाला यांना वेधशाळेसाठी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले. त्यातून पुण्यात वेधशाळा झाली आणि डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली २० इंची दुर्बीण तिथे आली. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाल्यावर ती कोडाईकॅनॉलला गेली. पुणे साडेअठरा अंशांवर, कोडाईकॅनॉल सव्वादहावर. दुर्बीण गाव बदलते, तेव्हा अक्षही नव्याने मांडावा लागतो.

माझी दुर्बीण सहा इंची आरशाची, न्यूटन पद्धतीची. आधी वजन चढवायचं, मग नळी. उतरवताना याच्या उलट. दांड्याच्या टोकाचा स्क्रू लावलाच पाहिजे, नाहीतर निसटलेलं वजन थेट आपल्या पायावर. झाकण काढून, फाइंडर आणि आयपीस लावून मगच तोल बघायचा. दांडा आडवा करून ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा क्लच सैल करते. हात नळीवरच असतो, फक्त बोटांचा जोर कमी करत जाते. नळी खाली झुकली तर वजन बाहेर सरकवायचं, वजन झुकलं तर आत. मग हा अक्ष घट्ट करून दुसरा सोडायचा आणि नळी रिंगांमध्ये पुढेमागे करायची. जड आरसा तळाशी असल्यामुळे तोलाचा बिंदू मधोमध नसून आरशाकडे सापडतो. शेवटी पूर्वेकडची बाजू केसभर जड ठेवते. त्यामुळे गिअरचे दाते एकाच अंगाला टेकून राहतात आणि अक्ष फिरवणारी मोटर झटके देत नाही.

ध्रुवतारा दिसत असेल, तर त्याच्यावर अक्ष रोखायचा. तोही नेमका ध्रुवबिंदूवर नाही, पण त्यापासून पाऊण अंशाच्या आतच आहे; डोळ्यांनी बघायला तेवढं पुरतं. तो झाकलेला असेल, तर दक्षिणेकडे, खगोलीय विषुववृत्ताजवळचा एखादा तारा आयपीसच्या मध्यावर धरून वाट बघायची. तारा हळूहळू दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे.

“ताई, दिसतंय का काही?” रांगेतून सारखं विचारलं जातं. मी घाई करत नाही. मुंबईच्या उजेडात थोडेच तारे उरतात. जे उरतात ते रांगेतल्या शेवटच्या पोरालाही पहिल्याइतकंच नीट दिसायला हवं. तोल जमला, की मृगातल्या तेजोमेघातले चार तारे सगळ्यांना ओळीने दाखवता येतात, मधे कुणाला नळीला हात लावावा लागत नाही. नवी दुर्बीण घेणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे: पहिल्यांदा दिवसाउजेडी, आयपीसला डोळा न लावता, नुसता तोल साधायला शिका.